कुरडयांचा उपप्रश्न

ज्या कागदावर क्रमांक घातला आहे, तो कागद कधीही भलत्या ठिकाणी जात नाही, असे हौसेरावांचे ठाम मत होते. तंत्रनिकेतनातून उपकरणशास्त्राची पदविका घेऊन त्यांनी तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात एकतीस वर्षे काढली, आणि त्या काळात एकाही मापकाचा काटा इकडचा तिकडे होऊ दिला नाही! निवृत्तीनंतर नेरूळच्या रो-हाउसमध्ये मोजण्यासारखे काही उरेना, तेव्हा त्यांनी आमदार कुंदनशेठ यांचे विधानसभेतले प्रश्न लिहून द्यायला घेतले.

"काका, तुमी लिवलंय म्हंजे फायनल," कुंदनशेठ म्हणत. "मी आधी वाचतबी नाय. आधी वाचलं की शंका येतात. थेट सभागृहातच वाचतो!"

या विश्वासाने हौसेरावांची छाती दोन इंच फुगे. (मोजून दोन. त्यांनी टेप लावून पाहिली होती.)

सध्या त्यांचा जीव एका झडपेत अडकला होता. गावठाणाच्या कडेला धारण तलाव आहे. वसाहतीचे पाणी त्यात साठायचे, ओहोटी लागली की झडप उघडून ते खाडीत जायचे, आणि भरती आली की झडप मिटायची, अशी साधी योजना. पण झडप मिटत नव्हती. उधाणाला खाडी उलटी आत शिरे. यावर उपाय म्हणून कोणीतरी काठावर पाण्याची पातळी सांगणारा, सौरपट्टीचा एक देखणा खांब उभा केला होता. त्यावर हिरव्या अक्षरांत सदैव झळके : 'पातळी सामान्य'. झडपेच्या दुरुस्तीला निधी नव्हता. खांबाला मात्र भरपूर मिळाला होता.

मार्चमधल्या संध्याकाळी त्या बांधावर उभे राहिले की हौसेरावांचे भान हरपे. पाणी गुलाबी होई. शेकडो फ्लेमिंगो एका पायावर, गहन विचारात पडल्यासारखे उभे असत. हौसेरावांना वाटे, हेच सभागृह! चोच चिखलात घालून निवांत बसलेले ते सत्ताधारी, मान उंच करून कलकलाट करणारे ते विरोधक, आणि मधोमध शुभ्र, एकटा बगळा म्हणजे साक्षात अध्यक्ष महोदय. मग वारा पडे, कलकलाट थांबे, आणि त्या गुलाबी शांततेवरून त्यांचे स्वतःचे, तीन आठवडे कानस मारून गुळगुळीत केलेले वाक्य तरंगत जाई : 'भरतीच्या वेळी झडप पूर्ण मिटत नसल्याने खाडीचे पाणी उलट दिशेने तलावात शिरते, हे खरे आहे काय?' बाके वाजत. बगळासुद्धा मान डोलवी.

"ओ साहेब! सपान बघताय का? माझ्या जवल्यावर पाय हाय तुमचा!"

हौसेराव दचकून बाजूला झाले. गावठाणातल्या काशीबाई बांधावर बारीक कोळंबीचा जवळा वाळत घालून राखण करत बसल्या होत्या.

"तुमचा तो खांब काय बोलतोय बगा," त्या म्हणाल्या. "पानी माझ्या ओट्यावर चढलं तरी सामान्यच! मानूस असता तर कानाखाली वाजवली असती."

"काशीबाई, मंगळवारी प्रश्न लागला आहे. शनिवारच्या पौर्णिमेच्या उधाणाआधी झडप दुरुस्त होईल."

"गेल्या पुनवेला बी हेच बोलला. दोन पाट्या जवला गेला माझा. औंदा गेला तर वरीसभर खाऊ काय, तुमचा प्रश्न?"

हौसेराव घरी आले. घरीही पाणीच वाट पाहत होते.

"अहो, टाकी परत वाहिली," स्मिताताई जिन्यातूनच म्हणाल्या. पस्तीस वर्षे शाळेत शिकवून कमावलेला आवाज तो. खालच्या गल्लीतली मुलेही सरळ उभी राहिली. "गच्चीवरच्या कुरडया दुसऱ्यांदा भिजल्या!"

टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा हौसेरावांनी स्वतः बसवली होती. त्यांनी शांतपणे मोबाइल पाहिला. "पातळी सामान्य आहे, बासष्ट टक्के."

"मोबाइल गच्चीवर गेला होता का बघायला?"

"यंत्रणा बरोबर आहे, स्मिता. तुझे बघणे चुकते. आणि तोंडी तक्रार ग्राह्य नाही. विहित नमुन्यात लिहून प्रश्नांच्या फायलीत लाव, क्रमाने विचार होईल."

स्मिताताईंनी नवऱ्याकडे असे पाहिले, जसे नापास मुलाच्या पालकाकडे पाहतात. मग टेबलाशी बसून, सुवाच्य अक्षरात, त्यांनी खरोखरच विहित नमुना भरला आणि फायलीत लावला. हौसेरावांच्याच नियमाप्रमाणे : नवे पान सर्वांत वर.

मंगळवारी सकाळी दारात गाडीचा हॉर्न वाजला. तलावाच्या प्रश्नाला मंत्र्यांचे छापील उत्तर आधीच हाती आले होते : 'हे अंशतः खरे आहे. यंत्रणेनुसार पातळी सामान्य आहे. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही.' आता सारी भिस्त उपप्रश्नांवर! आमदाराने उभे राहून मंत्र्यांना समोरासमोर विचारायचे ते हे प्रश्न. हौसेराव फाइल घेऊन धावले खरे. पण मन केव्हाच सभागृहात, गुलाबी पाण्यात गुडघाभर उतरले होते. त्यांनी वरचे पान काढून कुंदनशेठच्या हाती दिले.

"अक्षर आज झकास हाय, काका!" म्हणत कुंदनशेठ निघून गेले.

हौसेरावांना ही स्तुती वाटली.

दुपारी नवरा-बायको थेट प्रक्षेपण लावून बसले. कुंदनशेठ उठले. हौसेरावांनी डोळे मिटले. बगळा, बाके, शांतता...

"अध्यक्ष महोदय! टाकीवर मोठा खर्च करून यंत्रणा बसवण्यात आली असून ती सदैव 'पातळी सामान्य' दाखवते, हे खरे आहे काय? असल्यास, प्रत्यक्षात पाणी वाहून कुरडया दोनदा भिजल्या, हेही खरे आहे काय?"

हौसेरावांचे डोळे खाड्कन उघडले. स्मिताताईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

"अहो! ते माझं आहे!"

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "सन्माननीय सदस्य, प्रश्न तलावाचा आहे. कुरडया कोठून आल्या?"

कुंदनशेठनी कागद उलटसुलट करून पाहिला. पण खाडीकाठचा गडी तो, पाण्याला भिणारा नव्हे! "अध्यक्ष महोदय, आज कुरडया भिजल्या, काल आमच्या काशी आत्याचा जवळा भिजला! पानी काय विचारून भिजवतं?"

बाके वाजली. कुंदनशेठना चेव आला. "विचारणा केली असता संबंधितांनी 'यंत्रणा बरोबर आहे, तुझे बघणे चुकते' असे उत्तर दिले, हे खरे आहे काय? असल्यास, संबंधित इसम सायंकाळी घरचे काम सोडून खाडीकाठी पक्षी बघत उभा असतो, हे खरे आहे काय?"

"हा इसम कोण?" मंत्र्यांनी घाम पुसत विचारले.

"ते मंत्रिमहोदयांनीच शोधावं!"

विरोधक उभे राहिले. सत्ताधारीही हसू लागले. घरी 'संबंधित इसम' सोफ्याच्या कोपऱ्यात उन्हातल्या कुरडईसारखा आकसत चालला होता.

"आणि शेवटचा," कुंदनशेठ गरजले, "नसल्यास, एकदा स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहण्यास विलंब होण्याची कारणे काय आहेत?"

सभागृह चिडीचूप झाले. अगदी हौसेरावांच्या स्वप्नातल्याइतके. मंत्री कागदांत उत्तर शोधू लागले. कागदांत ते नव्हते. शेवटी ते म्हणाले, "मी गुरुवारी स्वतः जाऊन पाहतो."

आणि ते आले! खांबाने हिरवी अक्षरे दाखवली. मंत्र्यांनी खांबाकडे पाठ केली आणि पाण्यात पाहिले. पहार घेऊन दोन माणसे खाली उतरली. झडपेत प्लास्टिकची एक तुटकी खुर्ची अडकली होती. ती ओढली, बिजागरीला वंगण घातले, झडप मिटली. अर्धा तास! शनिवारी उधाण आले, झडपेवर टकटक करून परत गेले, आणि काशीबाईंचा जवळा कुरकुरीत राहिला.

रविवारी कुंदनशेठ पेढे घेऊन हजर झाले. हौसेरावांनी सदऱ्याची कॉलर नीट करून हात पुढे केला.

"काका, जरा सरका. काकू कुठं हायत?" पेढे आत गेले. "काकू, ते झकास अक्षर तुमचं, हे कळलं मला. पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न तुमीच लिवा! काकांचे वाचताना मलाच झोप येते."

हौसेराव गच्चीचा जिना चढले. बासष्ट टक्के सामान्य असलेली टाकी शांतपणे वाहत होती. यंत्रणा बसवल्यानंतर त्यांनी प्रथमच झाकण उचलले. आतल्या संवेदकाच्या टोकावर विकत घेतानाची प्लास्टिकची टोपी तशीच होती. "टोपी!" ते मोठ्याने म्हणून गेले. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरे होती : 'नमुना आकडा. चाचणी सुरू आहे'. चार महिन्यांपासून.

"अहो," खालून आवाज आला, "टोपी काढलीच नव्हती, हे खरे आहे काय?"

दूर तलावावर फ्लेमिंगो गुलाबी झाले होते. हौसेरावांनी त्यांच्याकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळले.

"हे," ते टाकीत तोंड घालून म्हणाले, "अंशतः खरे आहे."