जगदाळे सरांचा रविवार

जगदाळे सर कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर चहावाला असो की साहेबांची बायको, पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कुठलं? किती महिन्यांनी जाता?" माझ्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यालाही हेच विचारलं. सासूबाईंना ते लग्न जमवणारे वाटले.

आमच्या चिंचवडच्या संस्थेत ते संगणकावर मॉडेल करतात. एचआयव्ही एका भागात जास्त आणि शेजारच्या भागात कमी का पसरतो, ते त्यातून शोधायचं. पडद्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. ठिपका कामाला जातो, खोलीवर एकटा राहतो, सणाला गावी जातो. एखाद्याची तपासणी उशिरा झाली की सर हळहळतात, "अरे, आधी यायचंस ना!" आम्ही त्यांच्या मागे हसायचो. मी जरा जास्तच.

यंदा मॉडेल म्हणालं, तपासणीची गाडी कारखान्यांच्या महाळुंग्याला पाठवा, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रविवारी. चार रविवार गाडी उभी राहिली, कुणी फिरकलं नाही. साहेब वैतागले. "जगदाळे, उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा. गाडी परत बोलावतोय."

मग सर मला घेऊन महाळुंग्याला गेले. टपरीवाले काका म्हणाले, "रविवारी कोन येनार? समदी कंपनीत. हितं सुट्टी गुरुवारची आस्ती."

परतताना मी टोमणा मारलाच. "सर, सगळ्यांचं गाव विचारता, सुट्टीचा वार नाही विचारला?"

"माहीत होता," सर म्हणाले. "माझा धाकटा भाऊ इथंच कामाला होता. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. भेटू भेटू म्हणत वर्षं गेली. त्याला हा आजार आहे हे मला दवाखान्यात कळलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॉडेलमध्ये तरी त्याच्या ठिपक्याला सुट्टीचा रविवार द्यावा म्हटलं. एकट्याला देता येईना, म्हणून सगळ्या महाळुंग्याला दिला. त्यावरून गाडीचा वार ठरेल हे ध्यानातच आलं नाही. चार आठवडे वाया गेले त्या पोरांचे."

मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी कसाबसा एक गुरुवार दिला. सर मॉडेल दुरुस्त करायला बसले. एक शब्द बदलायचा होता. ऑफिस रिकामं झालं तरी पडद्यावर रविवारच होता. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही बदलता का? माझ्याच्यानं होत नाही."

मी बदलला.