मोंबासातला दुःखी नामा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं नाव घेईन. अनसूयाआक्का. तिने मला देऊळगाव राजाला आपल्या सासरी ठेवून घेतलं नसतं, तर मी आमच्या खेड्यात गुरं वळत बसलो असतो, आणि आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. दुसऱ्याच कोणाच्या घराण्यात झाला असता. हे मी प्रसंग पाहून, योग्य शब्दांत सांगत असतो. नामा मात्र तिचं नाव रोज संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून ओरडायचा.

नामा म्हणजे आक्काचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा तो आक्काच्या पदराला धरून चालण्याइतका लहान होता, आणि तिथून पुढे तिनेच त्याला वाढवला. आम्ही दोघे एका ताटात जेवलो, एका विहिरीत पोहायला शिकलो. त्या विहिरीबाबत आक्काचा एकच नियम होता. उतरण्याआधी तिला सांगायचं. न सांगता उतरला तो रात्री उपाशी झोपला.

पुढे आम्ही दोघेही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासा शहरी राहायला गेलो, तरी नामाने नियम मोडला नाही. कमरेला पंचा गुंडाळून तो खडकावर उभा राहायचा, तोंडाभोवती हातांचा कर्णा करायचा आणि ओरडायचा, "वयनीऽऽ, पोहाले चाललो वंऽऽ." मग मान वाकडी करून क्षणभर कान द्यायचा. मग नाक धरून, गुडघे पोटाशी घेऊन, देऊळगावच्या विहिरीत मारावी तशी उडी मारायचा. आसपासच्या लोकांना वाटायचं, वरून नारळाचा घड पडला.

मी त्याला म्हणालो, अरे, आक्का समुद्रापलीकडे, तिला कसं ऐकू जाईल? तो म्हणाला, "मधात काय हाये? नुसतं पाणी. डोंगर नाही, झाड नाही. आवाजाले अडवते कोण?"

त्या काठावरची काळीसावळी हमालपोरं पहिल्यांदा हसली. मग त्यांना वाटू लागलं, की हा उडी मारण्याआधीचा काही मंत्र असावा. महिन्याभरात तीही ओळीने उभी राहून "वायनीऽऽ" ओरडायची आणि धडाधड पाण्यात पडायची. देऊळगाव राजात घराबाहेर कधी मोठ्याने न बोललेल्या माझ्या बहिणीचं नाव मोंबासाच्या बंदरावर असं गाजत होतं.

आम्ही तिथे गेलो ते एका शेठमुळे. त्याचा सरकी काढायच्या यंत्रांचा कारखाना होता आणि त्याच्याच दानातून तिथल्या हिंदी मुलांची शाळा चालत होती. त्याला एक मिस्त्री हवा होता आणि एक मास्तर. नामा आमच्याकडच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनाच्या मांडीवरच वाढलेला. मी नुकताच नागपूरहून पदवी घेऊन आलेलो. आक्काचे यजमान, म्हणजे दादा, नामाला पाठवायला तयार नव्हते. समुद्रापलीकडे गेलेलं पोर परत येत नाही, हे त्यांचं म्हणणं. आक्काने हट्ट धरला. पोराच्या हाताला कसब आहे, जाऊ द्या म्हणाली. जालन्याच्या मोटारीपर्यंत ती आम्हाला पोचवायला आली. मी टपावर ट्रंका बांधत होतो, तेव्हा खाली ती नामाशी काहीतरी बोलली. ते काय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मोंबासा नामाला पहिल्याच दिवशी आवडलं. समुद्र पाहून त्याने आधी पलीकडचा काठ शोधला. मग म्हणाला, "एवढं पाणी, अन् एक मोट नाही." एक घोट पिऊन पाहिला, थुंकला, आणि दुसऱ्या दिवसापासून डाळीत मिठाऐवजी समुद्र घालू लागला. आठवड्यात त्याने एका अरबाच्या दुकानात ज्वारी शोधून काढली आणि बायकांना लाजवील अशी भाकर थापायला शिकला. गोरखचिंचेच्या फुगीर बुंध्याला तो "तहसीलदार" म्हणायचा आणि जाताना रामराम घालायचा.

त्यातून तिथला उन्हाळा. आपल्याकडे पौषात लोक हुरड्याच्या आगटीभोवती शेकत बसतात, तेव्हा मोंबासात अंगातला सदरा नकोसा होतो. आणि आंबे पिकतात. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना दाखवल्याशिवाय आंब्याला कोणी तोंड लावत नाही. नामाने पौषातला पहिला आंबा हातात घेतला तेव्हा तोही जरा थबकला. मग म्हणाला, "पितर इथवर कशाले येतीन? बोट लागते त्याइले." आणि खाल्ला. त्यानंतर किती खाल्ले ते आमच्या खाटेखालच्या कोया सांगतील.

तर असा हा सुखी माणूस. आता त्याची पत्रं ऐका.

दर रविवारी आम्हा दोघांचं मिळून एक पत्र घरी जायचं. लिहिणारा मी, कारण नामाचं अक्षर पान्याने लिहिल्यासारखं दिसायचं. तो अंगाला खोबरेल चोपडून खिडकीत बसायचा. हातात आंबा, रस कोपरापर्यंत ओघळलेला.

"लिही, साळेबुवा," तो म्हणायचा. मी त्याच्या भावाचा साळा, म्हणून सगळ्या जगाचा साळेबुवा. "लिही, तोंडाले चव नाही."

मी लिहायचो, "येथे चि. नामदेव यास अन्न गोड लागत नाही."

"झोप नाही. रात्री जनावरं वरडतात." जनावर म्हणजे शेजारच्या अरबाचं गाढव. मी लिहायचो, "रात्रौ श्वापदांच्या आरोळ्यांनी निद्रा येत नाही."

मी वाचून दाखवलं की त्याचे डोळे भरायचे. "वा. तू लिहिलं का मलेच माही कीव येते." एखादं पत्र साधं झालं तर बोटं चाटत म्हणायचा, "अळणी झालं बे. दुःख टाक अजून थोडं."

मी वर्गात मुलांना रोज खरं बोलायला शिकवत होतो, त्यामुळे मला हे जड जायचं. पण नामाचं उत्तर ठरलेलं असे. आक्काला वाचता येत नाही. पत्र पोस्टमन ओट्यावर बसून वाचतो, सगळी गल्ली गोळा होते. पोरगं सुखात आहे म्हटलं की दृष्ट लागलीच. दुःखाला कोणाची दृष्ट लागत नाही. मला हे पटत नव्हतं, पण खोडताही येत नव्हतं, आणि बी. ए.ला तर्कशास्त्र हा माझा विषय होता.

असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे पुढच्या पौषात, एका रविवारी दुपारी शेठकडून निरोप आला. देशाहून बोट लागली आहे, तिच्यातून देऊळगावचे किसनमामा उतरले आहेत, आणि पत्ता विचारत तुमच्याकडे निघाले आहेत.

किसनमामा आमच्याच गल्लीतले, जिनमध्ये कोठारावर होते, आणि सगळ्यांचे मामा. शेठने त्यांना आत युगांडाच्या जिनवर बोलावलं होतं. मी धावत किनाऱ्यावर गेलो. नामा पाण्यात पाठीवर पडून पोट उन्हाला दाखवत होता. मी ओरडून सांगितलं. त्याने आधी आपल्या पोटाकडे पाहिलं. वर्षभरात ते चांगलंच वर आलं होतं.

"मेलो बे," तो म्हणाला. "मले बिमार कर."

आम्ही खोलीवर पळालो. त्या उकाड्यात नामाने हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून घेतली. चुलीतली राख मी त्याच्या गालांना फासली. माझ्या सगळ्या शिक्षणात या कामाचं शिक्षण कुठेच नव्हतं, त्यामुळे राख जरा जास्त झाली.

किसनमामा आले. खांद्यावर पत्र्याचा डबा होता, आक्काने दिलेल्या सांडग्या-खारोड्यांचा. डबा खाली ठेवून ते खाटेशी बसले आणि नामाकडे पाहू लागले. नामा कण्हला. घामाने राख भिजून तिचे ओघळ मानेवर उतरत होते.

"इथं बिमार माणूस वाळत नाही वाटते," मामा म्हणाले.

"सूज हाये, मामा."

मामांनी त्याचा हात धरला. "नाडी तं जिनच्या इंजिनासारखी चालून राह्यली."

"तापाची हाये ते," नामा अगदी बारीक आवाजात म्हणाला.

मामांनी पाय लांब केले तशी खाटेखाली काहीतरी टाचेला लागलं. त्यांनी वाकून ते उचललं. आंब्याची कोय होती, ओली. मी भिंतीकडे पाहू लागलो. मामांनी कोय दोन्हीकडून पाहिली आणि जागच्या जागी ठेवून दिली.

"आंबा," ते म्हणाले. "अनसूयाबाईनं सोडला."

नामाचं कण्हणं थांबलं.

मग मामांनी सांगितलं ते असं. आमचं पहिलं पत्र ओट्यावर वाचलं गेलं, त्यात नामाच्या तोंडाला चव नाही असं होतं. आक्काने ते ऐकलं, हातातलं दळण पुरं केलं, आणि बालाजीच्या देवळात जाऊन पोरगं परत येईपर्यंत आंबा सोडला. आखाजीला तिने घरादारासाठी रस पिळला, सगळ्यांना वाढला, आणि हात धुऊन टाकले. आम्हाला कळवायचं नाही, अशी तिने उत्तर लिहून देणाऱ्या पोस्टमनला शपथ घातली होती. शिवाय विहिरीवरच्या बायका बोलत होत्याच. पोटच्यासारखा वाढवला आणि नेऊन पाण्यापलीकडे टाकला. हिच्याच हट्टाने गेलं पोरगं. आक्का उत्तर देत नसे. हल्ली बायका नसतील अशी वेळ पाहून पाण्याला जात असे. प्रत्येक पत्राने त्या बोलण्यात भर पडत होती, आणि पत्र लिहिणाऱ्याचा हात फार चांगला होता, असं मामा माझ्याकडे पाहून म्हणाले.

घोंगडी सरकली. नामा उठून बसला.

"मामा, मी बिमार नाही."

"ते मले नाडीवरच कळलं होतं," मामा म्हणाले. "पण घरी कोणी दुःख खोटं लिहीत असन, असं वाटलं नाही, म्हणून गुमान बसलो. काऊन केलं बे असं?"

मला वाटलं, आता दृष्ट लागण्याचं कारण येईल. नामाने घोंगडीनेच तोंड पुसलं.

"मोटार सुटाच्या वक्ती तिनं इचारलं, 'नामा, तिथं तुले चांगलं वाटलं तं वापस येशीन काय?' दादा रोज तेच म्हणे ना, का गेलेलं पोरगं येत नसते. मी म्हटलं, वयनी, मले तिथं चांगलं वाटणारच नाही. तवा कुठं तिनं माह्या हात सोडला." तो खिडकीबाहेर पाहू लागला. तिथून समुद्र दिसायचा. "अन् इथं आलो, तं पह्यल्याच दिवशी चांगलं वाटलं."

मामांनी डबा उघडला, बंद केला. खिडकीत चार पिकलेले आंबे होते. नामाने ते उचलून मामांच्या पुढ्यात ठेवले आणि स्वतः हात धुऊन आला.

"कागद घे, साळेबुवा," तो म्हणाला. "अन् तुही शाळेतली भाषा नको. तिच्यानंच सारा घोळ केला. मी बोलतो तसं लिही."

मी बसलो. या सगळ्यात आक्काला मी एकही ओळ धड खरी लिहिली नव्हती, आणि आता लिहिणार होतो तीही माझी नव्हती. पण जिच्यामुळे मला लिहिता आलं तिला मी पाठवलेलं सगळ्यांत चांगलं पत्र तेच. ते असं होतं:

श्री बालाजी प्रसन्न

वयनीले नामाचा नमस्कार. दादाले नमस्कार. पोस्टमनभाऊ, जोरानं वाचा, साऱ्या गल्लीले ऐकू द्या.

वयनी, मी बिमार नाही. कधीच नव्हतो. किसनमामा इथंच बसले हाये, त्याइनं नाडी पाह्यली. तोंडाले चव हाये. भाकर भेटते, मीच थापतो, तुह्याएवढी पातळ होत नाही. रात्री वरडते ते गाढव हाये. मले इथं लय चांगलं वाटते. समुद्र तं एवढा हाये का तुले दाखवाले पाह्यजे होता. तू मले धाडलं ते बेस केलं. विहिरीवर कोणी बोललं तं हे पत्र दाखवजो.

चांगलं वाटते, तरी येतो. शेठचं काम वर्षभराचं राह्यलं. ही आखाजी तू कर, पुढच्या आखाजीले रस मी पिळतो. दादाले सांग, गेलेलं पोरगं येते.

बालाजीले सांग, पोरगं खोटारडं निघालं, नवस मोड. आखाजी लांब हाये, पण कोठीत आंब्याचं लोणचं असन. तेही सोडलं असन तं तिथूनच सुरू कर. एक फोड खाय अन् कळव.

तू म्हणत होती, सांगितल्याबिगर पाण्यात उतरू नको. इथं एक दिवस चुकलो नाही. रोज तुले हाका मारून उतरतो, तुह्या आवाज येते का म्हणून थोडा थांबतो बी. पण आता तू फोड खाल्ल्याचं कळल्याशिवाय मी पाण्यात पाय टाकणार नाही. साळेबुवा साक्षीले हाये.

लवकर खाजो वं. पत्र बोटीनं येते, अन् इथं लय उकडून राह्यलं.

तुह्या नामा