चव्वेचाळीस नंबर आला की मध्ये

"मध्ये! पुन्हा मध्येच घुसणार हा गाढव!" व्हर्लिन स्टकी बाकावरून अर्धा उठून ओरडला, आणि त्याच्या हातातल्या सॉसेजवरची मोहरीची चटणी बायकोच्या कोटावर उडाली.

मैदानावर अगदी तेच झालं. ब्रॅकेन कॉलेजच्या चव्वेचाळीस नंबरच्या धिप्पाड पोराने चेंडू पोटाशी धरला, मान खाली घातली आणि ग्रेव्हली कॉलेजच्या सहा जणांच्या ढिगात तो दिसेनासा झाला. पंचांनी ढीग उपसला तेव्हा चेंडू होता तिथून वीतभर मागेच गेला होता.

"चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं," व्हर्लिन बायकोला म्हणाला. नडीनला तो हे एकतीस वर्षं सांगत होता. "त्यातले तीन हा मध्ये डोकं आपटण्यात घालवतो, आणि चौथ्याला लाथ मारून चेंडू त्यांनाच देऊन टाकतो. याला काय डावपेच म्हणायचं?"

"नाही म्हणायचं," नडीन कोट पुसत म्हणाली.

'हा' म्हणजे कोच मर्ल टॅगर्ट. अकरा हंगाम तो ब्रॅकेनचा अमेरिकन फुटबॉलचा संघ चालवत होता आणि अकरा हंगाम व्हर्लिनच्या डोक्यात तिडीक जात होती. यंदा त्याचा करार संपत होता. कॉलेजच्या अध्यक्षांनी सरळ सांगून टाकलं होतं, ग्रेव्हलीला हरवलं तर टॅगर्ट राहील, नाहीतर जाईल. ग्रेव्हली म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. त्यांच्याकडून ब्रॅकेन ओळीने नऊ वर्षं मार खात होतं. या सामन्याच्या शनिवारी गावात कुणी लग्नाची तारीखसुद्धा धरत नसे. त्यामुळे व्हर्लिनची मोठी पंचाईत झाली होती. ग्रेव्हलीची जिरावी ही त्याची नऊ वर्षांची तळमळ, आणि टॅगर्टचं तोंड पुन्हा दिसू नये ही अकरा वर्षांची.

टॅगर्टचे डावपेच व्हर्लिनइतके गावात कुणालाच पाठ नव्हते. चव्वेचाळीस नंबर मैदानात आला की मध्ये. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने कमरेच्या टॉवेलला हात पुसले की पास, म्हणजे लांब फेक. उजव्या टोकाच्या पोराने मोजे वर ओढले की त्याच्या बाजूने. चेंडू सुटायच्या आधी व्हर्लिन चाल पुकारून मोकळा व्हायचा. आणि पुकारायचा म्हणजे कसा? निवृत्त होईपर्यंत तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत असे. दोनशे बैल हंबरत असताना पार कुंपणापलीकडच्या गिऱ्हाइकाला बोली कळावी, असा त्याचा गळा होता.

"डावीकडे!" तो गरजला. चेंडू डावीकडे गेला. तिथे ग्रेव्हलीची पाच पोरं आधीच वाट बघत उभी होती.

"बघितलंस? मला कळतं, त्यांना कळतं, फक्त टॅगर्टला कळत नाही!" व्हर्लिनने कपाळावर हात मारला. "आणखी एक गंमत सांगतो. यंदा बाहेरगावचे चारही सामने आपण जिंकले. घरचे तिन्ही हरलो. का? घरी आला की हा माणूस डोकं काढून खुंटीला टांगतो!"

"बाहेरगावी तू जात नाहीस," नडीन म्हणाली.

"त्याचा काय संबंध?"

नडीनने दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि त्याच्या हातात दिली. "तो ग्रेव्हलीचा मदतनीस कोच बघ. निळी टोपी. मैदानाकडे बघतोय का?"

यंदा घरच्या बाजूच्या बाकांखालच्या काँक्रीटला तडे गेले होते. म्हणून व्हर्लिनसारख्या हंगामभराची तिकिटं काढणाऱ्या जुन्या प्रेक्षकांना पलीकडच्या बाजूला जागा दिल्या होत्या, थेट पाहुण्या संघाच्या पाठीमागे. निळ्या टोपीवाल्याला बघायला दुर्बिणीची गरजच नव्हती. तो चार हातांवर उभा होता, आणि मैदानाकडे पाठ करून व्हर्लिनच्या तोंडाकडे बघत होता. नजरानजर होताच त्याने मोठ्या आदराने टोपीला हात लावला.

व्हर्लिनच्या हातून सॉसेज पडलं.

"तिन्ही सामने?" त्याने विचारलं.

"तिन्ही. दर वेळी पाहुण्यांचा कुणीतरी असाच तुझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा," नडीन म्हणाली. "मला वाटलं योगायोग असेल. पण मघाशी या निळ्या टोपीने तुझ्यासाठी पाण्याची बाटली पाठवली ना, तेव्हा माझी खात्री पटली."

त्यानंतर व्हर्लिन मूग गिळून बसला. दातांवर दात दाबून, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. निळी टोपी वळून वळून बघत राहिली. आणि काय सांगावं, ब्रॅकेनचा संघ पुढे सरकू लागला. सात यार्ड, नऊ यार्ड, चौदा यार्ड! मागच्या रांगेतला गुरांचा डॉक्टर ह्यूबर्ट क्लासन वाकून म्हणाला, "काय रे व्हर्लिन, बरं नाही का? कधी नव्हे ते आपली पोरं खेळतायत आणि तू गप्प?"

शेवटी आठ सेकंद उरले. ग्रेव्हली चौदा, ब्रॅकेन दहा. शेवटचा प्रयत्न, आणि रेषा तीन यार्डांवर. एवढं अंतर कापलं की टचडाउन, सहा गुण आणि नऊ वर्षांची भरपाई. अख्खं मैदान उभं राहिलं. टॅगर्टने कुणाला आत पाठवलं?

चव्वेचाळीस नंबरला.

"अरे देवा," व्हर्लिन कण्हला. चव्वेचाळीस बघताच ग्रेव्हलीची सगळी फळी मध्ये गोळा होऊ लागली. आता गप्प बसलं की ते पोर ढिगाखाली जाणार, सामना जाणार आणि टॅगर्टही जाणार. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आठ सेकंदांवर आलं होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

निळ्या टोपीने वळून बघितलं. डोळ्यांनीच विचारलं, काय?

"व्हर्लिन," नडीन हळूच म्हणाली, "ग्रेव्हली आहे रे."

व्हर्लिनने छाती भरून श्वास घेतला.

"पास!" तो असा ओरडला की खालच्या रांगेतल्या बाईची टोपी सरकली. "फसवतोय! पास टाकणार! कोपऱ्यात! लांब!"

निळ्या टोपीने दोन्ही हात हलवले. ग्रेव्हलीची पोरं मागे, कडेला, कोपऱ्याकडे पळत सुटली. चव्वेचाळीस नंबरने चेंडू पोटाशी धरला, मान खाली घातली आणि तो मधून गेला. समोर कुणी नव्हतं. एवढी मोकळी जागा आयुष्यात कधी न मिळाल्यामुळे ते पोर रेषेपलीकडेही बरंच धावत राहिलं.

मैदानावर नुसता कल्लोळ झाला. व्हर्लिन नडीनच्या गळ्यात पडून रडला. खरंच रडला. नऊ वर्षं!

तेवढ्यात कर्ण्यावरून अध्यक्षांचा आवाज आला. कोच टॅगर्टचा करार आणखी आठ वर्षांनी वाढवण्यात येत आहे. पाठोपाठ टॅगर्ट स्वतः बोलला, "लोक मला म्हणायचे, मध्ये जाऊ नका, पास टाका. पण आज तुम्ही पाहिलंत. आता आपण प्रत्येक वेळी मध्येच जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ह्यूबर्टने मागून व्हर्लिनच्या खांद्यावर थाप मारली. "ऐकलंस? आणि तू पास, पास म्हणून घसा फोडत होतास! अरे, फुटबॉलमधलं काही कळत नसेल तर गप्प तरी बसावं माणसाने."

व्हर्लिन गर्रकन वळला. तोंड उघडलं. मग खरं सांगायचं तर घरच्या तीन पराभवांचंही सांगावं लागेल, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने तोंड मिटलं.

"कोच टॅगर्ट! कोच टॅगर्ट!" आजूबाजूचे सगळे ओरडू लागले.

"चल, तूही ओरड," नडीन त्याला कोपराने ढोसत म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, जिंकल्याचं वाईट वाटतंय याला."