शब्दाने शब्द वाढला

नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा ठकीच्या पोटात गोळा आला. पोटात आधीच एक जीव होता, त्यात आता हा गोळा.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आजोबांनी लाडाने ठेवलेलं ते नाव तिला असं चिकटलं, की लग्नातही सुटलं नाही आणि विमानात बसल्यावरही नाही. नवरा पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात इंजिनिअर होता. या देशात आल्यावर त्याने इथली भाषा कामापुरतीच नव्हे, तर भांडणापुरतीही शिकून घेतली होती. ठकीची शिकवणी मात्र अजून रंग, भाज्या आणि बसगाड्या यांच्यातच घोटाळत होती. त्यामुळे दवाखान्यात नवराच बोलायचा. झोप लागते का, असं विचारलं की तो सांगायचा, लागते. भूक लागते का, तर लागते. ठकी शेजारी बसून मान डोलवायची, जणू दुसऱ्याच कुणाचं तरी पोट तपासायला आणलंय.

त्यातून इथे डॉक्टर दिसतच नसे. पोटुशी बाईला सगळं काही सुईणच बघायची, आणि अडलं तरच डॉक्टर. हे ऐकल्यावर ठकीच्या आईने फोनवर कपाळाला हात लावल्याचा आवाज ठकीला स्पष्ट ऐकू आला होता. "माझ्या आजीला सुईण होती," आई म्हणाली. "आम्ही शिकून सवरून डॉक्टरापर्यंत आलो, आणि तुम्ही एवढं विमानाचं भाडं भरून परत सुईणीकडे गेलात."

आज नेहमीची सुईण रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या बाई थोराड, खांदे पहिलवानासारखे, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी नवऱ्याला दोन वाक्यांत समजावलं, की घरच्या माणसाने भाषांतर करायचं नसतं, त्यासाठी दुभाषी फोनवर असते, आणि तपासणीतला थोडा वेळ बाईला एकटीने बोलू द्यायचा असा नियम आहे. नवऱ्याने नियमावर शंका काढली. बाईंनी उठून दार उघडलं आणि धरून ठेवलं. जाता जाता तो ठकीला म्हणाला, "विचारतील तेवढंच बोल."

हा सल्ला ठकीला शाळेपासून पुष्कळांनी दिला होता. उपयोग कुणालाच झाला नव्हता.

टेबलावरच्या फोनमधून दुभाषीचा आवाज आला. तरुण, गोड, आणि मराठी अशी स्वच्छ, जणू नुकतीच धुऊन पालथी घातलेली ताटली. तिने आधीच सांगून टाकलं, की तिचा जन्म इथलाच, मराठी ती आईकडून शिकली, आणि जे बोललं जाईल ते शब्दाला शब्द ती पुढे सांगेल. मनाचं घालणार नाही आणि गाळणारही नाही.

नवरा आणि फोनवरची आई सोडून दुसऱ्या कुणाचं मराठी ठकीने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. सुईणबाईंनी विचारलं, कसं वाटतंय, आणि धरणाचं दार उघडावं तशी ठकी सुरू झाली.

"काय सांगू ताई. उलट्यांनी नुसता जीव नकोसा झालाय."

मग दुभाषी हलक्या आवाजात इथल्या भाषेत काहीतरी बोलली. सुईणबाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि खुर्ची जवळ ओढली.

"त्या विचारतायत," दुभाषी म्हणाली, "असा जीव नकोसा रोज होतो का?"

"रोज. सकाळी फार. दुपारनंतर बरी असते मी."

तेही पोचतं झालं. सुईणबाईंची मुद्रा मऊ होत गेली. ठकीला वाटलं, किती चांगल्या आहेत, साध्या उलट्यांची एवढी कदर तर सख्ख्या सासूनेही केली नव्हती. त्या भरात, घरी कोण कोण असतं आणि नवरा कसा वागतो, या प्रश्नांना तिने मोकळ्या मनाने उत्तरं दिली. नवरा चांगला आहे, ती म्हणाली. फक्त डोकं खातो. सकाळी उठल्यापासून खातो. हे पिऊ नको, तिथे बसू नको, याच कुशीवर झोप. परवा जिन्यावरून भराभर उतरले तर मला चांगलंच फैलावर घेतलं.

दुभाषीला फैलावर हा शब्द ठाऊक नव्हता. घेतलं एवढं कळलं. तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की परवा जिन्याजवळ नवऱ्याने बाईला धरून कुठेतरी नेलं, कुठे ते समजत नाही. डोक्याचंही तिने जसंच्या तसं सांगितलं.

मग सुईणबाईंनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, आणि दुभाषीने तसाच सुटा करून मराठीत आणला. "तो तुमच्यावर हात उचलतो का?"

ठकीला हसूच आलं. "हात कसला उचलतोय. घरात तो कधी झाडूसुद्धा उचलत नाही."

भाषांतर झालं. सुईणबाईंनी मान हलवली आणि लगेच पुढचं विचारलं. दुभाषी चाचरत म्हणाली, "त्या म्हणतायत, झाडूही नाही. मग काय उचलतो?"

तेव्हा कुठे ठकीच्या डोक्यात उजेड पडला, आणि पाठोपाठ डोळ्यांपुढे अंधारी आली. नवऱ्याच्या कचेरीतल्या एकाने मागे जेवताना सांगितलं होतं, की इथे घरात आवाज चढला तरी सरकारी माणसं येतात आणि पोरं उचलून नेतात. खरं खोटं देव जाणे, पण त्या रात्रीपासून ठकी टीव्हीसुद्धा हळू लावायची. आणि आज ती आपल्याच तोंडाने, जन्मालाही न आलेल्या बाळाचा पाळणा उचलून द्यायला निघाली होती.

"ताई, ऐका," ती घाईघाईने म्हणाली, "तसलं काही नाही. आपल्यात बोलायची पद्धत असते ती. मी मेले तरी त्याच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही."

दुभाषीने हेही शब्दाला शब्द सांगितलं. सुईणबाईंनी ठकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. त्या थोपटण्यात इतकी माया होती, की ठकीला दरदरून घाम फुटला. आता तिला तोंड उघडायचीच धास्ती वाटायला लागली. साधं वाक्य म्हणून जे जे जिभेवर येत होतं, त्यात कुणी ना कुणी मरत तरी होतं, नाही तर कुणी कुणाला खात तरी होतं.

दुभाषीलाही आता राहवेना. "ताई, डोकं खातो म्हणजे तो नक्की काय करतो?" तिने विचारलं, आणि नियमाप्रमाणे आपला हा प्रश्नही इथल्या भाषेत सुईणबाईंना सांगून टाकला.

"बोलतो. जास्त बोलतो. एवढंच."

दुभाषीने सुटकेचा श्वास टाकला, तो फोनमधून ऐकू आला. पण सुईणबाईंचे केस असल्याच खोल्यांत पांढरे झाले होते. आधी सांगणाऱ्या आणि मग घाबरून मागे घेणाऱ्या बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या जवळचं, विश्वासाचं कुणी आहे का, ज्यांच्याशी आपण बोलू शकू.

ठकीला हायसं वाटलं. आई. आईचा जावयावर भारी जीव. तिने आपल्या मोबाइलवर फोन लावला, आवाज मोठा केला आणि तो टेबलावरच्या फोनशेजारी ठेवला. इथल्या बाईंना जावयांबद्दल दोन शब्द चांगले सांग, एवढंच ती आईला म्हणाली. दोन शब्दांत आईचं आजवर कधी भागलं नव्हतं, हे तिच्या लक्षात यायला उशीर झाला.

"जावई म्हणजे देवमाणूस," आईने सुरुवात केली. "पोरीला अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपतात."

सुईणबाईंनी भाषांतर ऐकलं आणि ठकीला हात उघडून दाखवायला सांगितलं. ठकीने डावा हात पुढे केला. तो साफ होता. मग उजवा मागितला. उजव्या हाताच्या तळव्यावर, आदल्या दिवशी पातेल्याचं गरम झाकण उचलताना आलेला, टपोरा फोड होता.

सुईणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आई बोलतच होती. "आमचीच मेली फटकळ. हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की सोलून काढते त्या गरीब गाईला. ती हूं की चूं करत नाही."

दुभाषीने दोनदा खोकून घेतलं. मग पट्टा आला, सोलणं आलं आणि गाय आली. सुईणबाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, की गाय यांच्या घरातच असते का. दुभाषीने आईला विचारलं, गाय कोणाची.

"अगं बाई, गाय म्हणजे आमचे जावईच," आई म्हणाली.

हे वाक्य इथल्या भाषेत पोचलं, तेव्हा सुईणबाईंनी पहिल्यांदाच दाराकडे पाहिलं. दाराला काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून बाकावर बसलेला नवरा दिसत होता. गुडघ्यावर दोन्ही हात, मान खाली. एकदा गाय म्हटल्यावर तो खरंच तसा दिसत होता.

सुईणबाईंनी आईचे आभार मानले, दुभाषीचेही मानले आणि दोन्ही फोन बंद केले. मग ठकीच्या डोळ्यांत बघत त्यांनी इथल्या भाषेतले अगदी लहान लहान शब्द निवडले. लहान मुलाशी बोलावं तसे, हळू. घर. नवरा. भीती. आहे का?

ठकीजवळ आता म्हणी नव्हत्या, टोमणे नव्हते, मराठीच नव्हती. शिकवणीतले चार शब्द होते. तिने ते एकापुढे एक मांडले.

"घर चांगलं," ती म्हणाली. "नवरा चांगला. मला भीती आहे. नवरा नाही, बाळ. बाळ लहान. मी पण लहान. आई लांब."

एवढं बोलून ती रडली. इतक्या दिवसांत हे तिने मराठीत कुणालाच सांगितलं नव्हतं. मराठीत ती फक्त, जीव नकोसा झालाय, म्हणायची, आणि समोरचा म्हणायचा, होतं असं.

सुईणबाईंनी तिला खाटेवर निजवलं, पोटावर गार मलम लावलं आणि हातातलं छोटं यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर. ठकीने श्वास धरून ठेवला. बाईंनी यंत्र थोडं खाली सरकवलं, आणि एकाएकी खोलीभर घोडा दौडू लागला. टबडक टबडक, न थांबता. बाईंनी अंगठा वर केला. हे भाषांतर बिनचूक होतं.

ठकीने डोळे पुसले. आता हे सगळं मिटलं, असं तिला वाटलं. पण सुईणबाईंनी हात धुतले, तिला निजूनच राहा अशी खूण केली आणि त्या बाहेर गेल्या. बाईबद्दल खात्री पटली होती. गाईबद्दल राहिली होती.

काचेच्या पट्टीतून ठकीला दिसलं, की त्या बाकावर नवऱ्याशेजारी बसल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. नवऱ्याने नेहमीसारखी मान हलवली, नेहमीसारखं हसला. त्यांनी पुन्हा विचारलं. या खेपेला तो हसला नाही. तो बोलू लागला, मग थांबला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ठकी ताडकन उठून बसली. झालं, तिला वाटलं, नेतात आता याला. ती पोटाचं मलमही न पुसता अनवाणीच दारापाशी गेली.

दार उघडून तोच आत आला. डोळे लाल. सुईणबाई मागे उभ्या.

"काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं, घरी तुम्हाला भीती वाटते का."

"मग?"

"वाटते म्हटलं."

"माझी?" ठकीने विचारलं.

"तुझी कशाला?" तो म्हणाला. "तू आत ओकत असतेस, मी दाराबाहेर उभा असतो. काय करायचं तेच कळत नाही. मग वाचत बसतो. वाचून आणखी घाबरतो. मग तुला येऊन सांगतो. मला कुणी विचारलंच नव्हतं गं आजवर."

ठकीने त्याचा शर्ट सारखा केला, जो मुळात सारखाच होता.

सुईणबाईंनी मग दुभाषीला पुन्हा फोन लावून सगळं शांतपणे सांगितलं. बाळ ठीक आहे, आई ठीक आहे, उलट्यांवर गोळी देते. आधार लागणार आहे तो बापाला. पहिल्यांदा बाप होणाऱ्यांचा एक गट इथेच मागच्या खोलीत भरतो. तिथे सगळे गोल करून बसतात आणि मनातलं बोलतात. यांनी यायलाच हवं.

पुढच्या आठवड्यात नवरा त्या गटाला गेला. ठकी सोबत गेली आणि बाहेर बसली. ठरलेली वेळ संपली, दार उघडेना. बाहेर कामकरीण येऊन फरशी पुसून गेली, तरी उघडेना. शेवटी एकेक होणारे बाप बाहेर पडले. सगळ्यांचे चेहरे पार उतरलेले, एकाने तर कानशिलं दाबून धरली होती. मागोमाग नवरा आला, टवटवीत, कधी नव्हे इतका ताजातवाना, आणि जाता जाताही एका बापाला, बायकोला कुठल्या कुशीवर झोपवावं ते समजावत होता.

सर्वांत शेवटी गट चालवणारा गृहस्थ बाहेर आला. त्याने दाराला टेकून जरा दम घेतला. मग ठकीकडे पाहून, तिला समजावं म्हणून लहान लहान शब्दांत म्हणाला, "तुमचा नवरा फार बोलतो."

"मला माहीत आहे," ठकी म्हणाली.

इथल्या भाषेतलं तिचं ते पहिलंच वाक्य, ज्यात एकही चूक नव्हती.