राघूकाका आणि बेसबॉलचा खटला

आमच्या शेजारचे राघूकाका पायरीवर झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा विचारल्याशिवाय ओलांडत नाहीत. खाली वाकून कानडीत विचारतात, "जाऊ का रे?" कुत्रं शेपटी हलवतं. मगच काका पुढे.

आम्ही नाशिकहून म्हैसूरला विजयनगरमध्ये राहायला आलो, त्या दिवशी सामान उतरत असताना हे गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, दुटांगी धोतर, कपाळावर गंधाची बारीक रेघ. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला एकदम म्हणाले, "नवऱ्याची इकडे बदली झाली, हौदु, खरं. पण निन्न केळिद्रा? तुला विचारलं का कुणी?"

मी गडबडले. खरं सांगायचं तर मला कुणी विचारलं नव्हतं. नवरा हातातला मिक्सर घेऊन आत निघून गेला.

हे "निन्न केळिद्रा, तुला विचारलं का" सगळ्या गल्लीला पाठ होतं. एका साखरपुड्यात काकांनी अक्षता हातात धरूनच नवरीला ते विचारलं. ती "हो" म्हणाली म्हणून बरं, तोवर गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर अडकला होता. भाजीवाल्यानं घासाघीस न करता एक जुडी जास्त टाकली, तर काका ती परत काढून ठेवायचे. "मला विचारलंस का? सुम्मने, उगीच कशाला टाकतोस?"

या सगळ्याच्या मुळाशी बेसबॉल होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

काकांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसुरातलं. घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. तरुणपणी ते कडकोळच्या एका कारखान्यात होते आणि कारखान्याच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायचे. बंगळूरच्या एका कंपनीनं त्यांना खेळाडू म्हणून मागितलं. कारखान्यानं सोडलं नाही आणि त्यांना सांगितलंही नाही. खूप दिवसांनी बाहेरून कळलं, तोवर गुडघा गेला होता. त्याच सुमारास मशीन बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं काकांना त्याच्या देशातल्या बेसबॉलची गोष्ट सांगितली. ती काका आयुष्यभर सांगत राहिले.

एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही तीन-चार शेजारी कॉफी पीत बसलो होतो. काका रंगात आले होते.

"तिकडे एकदा संघाचा झालास की कायमचा त्यांचा, कळ्ळं? करार संपला तरी हक्क मालकाचाच. ठेवायचं का दुसऱ्याला द्यायचं, मालक ठरवणार. एक काळा खेळाडू होता. लई वर्षं एका गावी खेळला. एक दिवस फोन आला, तुला दुसऱ्या गावाला दिलंय. तो म्हणाला, नाही जात. भरभक्कम पगार सोडला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला."

"जिंकला?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"हरला की. खेळ संपला त्याचा. खटला चालला तेव्हा त्या वेळी खेळणाऱ्यांतला एकही गडी त्याच्या बाजूनं साक्षीला आला नाही." काकांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "मग काही वर्षांनी दोघा जणांनी नव्या करारावर सहीच केली नाही. सहीविना मोसम काढला आणि म्हणाले, आता आम्ही मोकळे. लवाद म्हणाला, बरोबर आहे. तेव्हापासून ठरावीक वर्षं खेळलं की खेळाडू मोकळा. कुठं जायचं ते त्यानं ठरवायचं. अल्वा, खरं की नाही?"

इंदूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, रिकामे कप गोळा करत होत्या. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल! त्या दिवशी मात्र थांबल्या.

"सही केली नाही म्हणून ते सुटले," त्या म्हणाल्या. "ज्यांची सही कुणी मागितलीच नाही, त्यांचं काय?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "इंदू, तुला कुठं राहायचंय?"

"कृष्णराजनगरला. अक्काजवळ."

उत्तर इतकं पटकन आलं, की ते किती वर्षं तयार होतं कोण जाणे. अक्का म्हणजे काकूंची थोरली विधवा बहीण. माहेरच्या घरात एकटी राहायची, भाताचं शेत बघायची. शाळा अर्धी सोडवून काकूंना त्या घरातून लग्न करून आणलं होतं.

पुढच्याच आठवड्यात काकांनी स्वतः बॅगा भरल्या आणि काकूंना पोचवून आले. गल्लीत नाही नाही ते बोललं गेलं. बंगळूरहून मुलाचा फोन आला. तो इतक्या जोरात ओरडत होता, की आमच्या ओट्यावर ऐकू येत होतं. काका एवढंच म्हणाले, "मी विचारलं, तिनं सांगितलं. आता ऐकू नको काय मी?"

त्यानंतर ते वाळले. आमटीसारखं सारू करायला शिकले, म्हणजे रोज करपवायला शिकले. तूरडाळ किती शिजवायची हे विचारायला कुंपणाशी यायचे आणि डाळीचं विचारून झालं तरी तिथंच उभे राहायचे. रविवारी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कृष्णराजनगरची बस धरायचे.

एका रविवारी मला म्हणाले, "येतेस का? दोघी बोलाल."

काकूंना मी आधी ओळखलंच नाही. पदर खोचून कालव्याच्या कडेनं बहिणीशी मोठमोठ्यानं बोलत येत होत्या. विजयनगरात त्यांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. जेवताना काका पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. भात हवा का म्हटलं तर "पुरे, पुरे" म्हणत होते. हा माणूस याच बाईबरोबर चाळीस वर्षं जेवला होता!

काकू आम्हाला सोडायला बसथांब्यापर्यंत आल्या. बस आली. मी चढले. काकांनी दांड्याला धरून एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी धरली.

"आणखी एक बस आहे की," त्या म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत पोचाल."

काकांनी मागे वळून पाहिलं. कंडक्टर कानडीत ओरडला, चढा नाहीतर उतरा. काका उतरले. काकूंनी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि दोघं घराच्या दिशेनं चालू लागले. मी बसमध्येच आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मीही हाक मारली नाही.