रंजूचा उसना बाप

यादोरावांनी हात वर केला तो पंखा जरा हळू करा म्हणून सांगायला. पण मोहाडीच्या वाचनालयात नेमकं त्याच वेळी अध्यक्षांनी विचारलं होतं, "पोरापोरींचं मार्गदर्शन कराले कोन तयार हाय?" टाळ्या वाजल्या आणि यादोराव मार्गदर्शक झाले.

"दर रविवारी एक तास, बाबूजी. त्यात काय हाय?" अध्यक्ष म्हणाले.

शाळेत छत्तीस वर्षं कारकुनी करून यादोराव सहा महिन्यांपूर्वीच घरी बसले होते. 'त्यात काय हाय' म्हणून गळ्यात पडलेलं एकही काम त्यांना आजवर सोपं गेलं नव्हतं.

त्यांच्या वाट्याला रंजू आली. तलावात मासेमारी करणाऱ्या आसारामची मुलगी. नागपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, मुदत पंधरा दिवसांची होती, आणि बाप नाही म्हणत होता.

"मंग तू त्याले काय म्हनलीस?"

"काईच नाही. बाबा समोर आला का माहा आवाजच निंगत नाही, बाबूजी."

आवाज काढायचा म्हणजे सराव हवा. रविवारची वाट बघायला सवड नव्हती, म्हणून रंजू रोज दुपारी येऊ लागली. यादोरावांची दुपारची झोप गेली ती गेलीच. ते अंगणातल्या खुर्चीवर बसत आणि सुस्कारा सोडून म्हणत, "समज मी तुहा बाप हावो. तो काय काय म्हनते, सांग."

रंजूनं सांगितलं. यादोरावांनी ते पाठ केलं.

पहिल्या दिवशी रंजू खुर्चीच्या पायाशी बोलली. दुसऱ्या दिवशी रडली. आपण वठवलेला बाप मऊ पडतो आहे असं वाटून यादोरावांनी आवाज चढवला, "नागपूरले कायले जातेस? तिथं जाऊन पोरी बिघडतेत! तू गेली तर बाजारात मच्छी कोन इकन? घरी बस गुमान!"

"मी जाईनच!" पाचव्या दिवशी रंजू कडाडली.

"टांग तोडून ठेवीन!" यादोराव ओरडले. त्यांना एकदम बरं वाटलं. छत्तीस वर्षांत ते कोणावर असे ओरडले नव्हते.

भिंतीपलीकडे भांडी घासणाऱ्या शेजारच्या सखाबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं यादोरावांची अर्धीच दाढी केली आणि विचारलं, "बाबूजी, पोरीनं शिकू नाही म्हन्ता तुमी?" भाजीवालीनं त्यांच्या बायकोला, कुंताबाईंना, वांगी देताना तोंड फिरवलं. बचत गटाच्या बायकांनी तर कुंताबाईंची सतरंजीच वेगळी घातली. अध्यक्षांचा फोन आला, "बाबूजी, मार्गदर्शन करा म्हनलो होतो. टांगा तोडा नोतो म्हनलो."

यादोराव प्रत्येकाला समजावत होते, "अरे, मी तिचा बाप झालो होतो." त्यानं भानगड आणखीच वाढत होती.

दहाव्या दिवशी दुपारी फाटकाशी सायकल आदळली. आसाराम तलावावरून थेट आला होता. पायाला चिखल, मागं मासळीची पाटी. रंजू खांबाआड गेली. यादोराव खुर्चीतून अर्धे उठले. पळायची ताकद होती असं नाही, पण शिष्टाचार म्हणून.

"बाबूजी, तुमी कोन माह्या पोरीले घरी बसवनारे?"

"आसाराम, ऐक..."

"नागपूरले पोरी बिघडतेत? माही पोरगी बिघडन? आन् मच्छी काय तिनं जिंदगीभर इकावं का? तुमच्या घरची असती तं तिले असंच म्हनले असते का?"

ज्या वाक्यांवर तो चिडला होता, ती सगळी आसारामचीच होती. यादोरावांना ती पाठ होती. पण दुसऱ्याच्या तोंडातून ती त्याला चांगलीच झोंबली होती. खांबाआडून रंजू हात जोडून त्यांच्याकडे बघत होती. खरं काय ते सांगून टाकलं, तर अब्रू वाचत होती. पण हा गडी उलटा फिरला की पोरीचं नागपूर जात होतं.

यादोराव खुर्चीवर नीट बसले.

"माहं मत तेच हाय," ते म्हणाले. "पोरीच्या जातीनं चुलीपाशीच राहावं."

"मंग पाहा!" आसारामनं सायकल वळवली. "चल वो रंजू! उद्याच नागपूरले जाऊन राहिलो आपुन. पाहू कोन अडवते!"

पंधरा दिवसांनी वाचनालयात आसारामचा सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, समाजातल्या काही सुशिक्षित मंडळींचा विरोध पत्करून या बापानं लेकीला शिकायला धाडलं. शाल घालायला मार्गदर्शक म्हणून यादोरावांनाच बोलावलं. आसारामनं शाल घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"अजी, एकदा सांगून टाका न खरं," घरी येताना कुंताबाई म्हणाल्या.

"तिची परीक्षा होऊ दे."

"कितीक वर्साची हाय?"

"तीन," यादोराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नुकताच डोळा लागला होता, तर फाटक वाजलं. बाहेर शुभांगी आणि हर्षा उभ्या होत्या, रंजूच्या मैत्रिणी. दोघी बराच वेळ एकमेकींना कोपरानं ढोसत राहिल्या.

"बाबूजी," शेवटी शुभांगी म्हणाली, "आमचेबी बाबा नाहीच म्हनतेत. रंजूनं तुमचा पत्ता देल्ला."

यादोरावांनी खाटेकडे पाहिलं, मग पोरींकडे पाहिलं. मग खुर्ची उचलून सखाबाईच्या भिंतीजवळ नेऊन ठेवली आणि घसा खाकरला.

"सांगा," ते म्हणाले. "काय काय म्हनतेत तुमचे बाप?"