नीडरफेल्सहाइमचा बंब

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, निम्म्या गावासमोर नीडरफेल्सहाइमच्या फॉयरवेअरचा कोरा करकरीत बंब स्वतःच्याच गॅरेजमधून बाहेर निघेना.

बंबाची मापं वासुदेव सरपोतदारनं घेतली होती. वासुदेव मूळचा पुण्याचा, नोकरी जर्मनीत, लुडविग्सहाफेनला. फॉयरवेअर म्हणजे गावातल्या हौशी मंडळींचं अग्निशमन दल. त्यात गेल्याशिवाय इथले शेजारी नुसतं ‘हॅलो’ म्हणून दार लावतात, असं कळल्यावर तो सभासद झाला होता. इंजिनिअर म्हणून त्याला खरेदी समितीत घेतलं. केमिकल इंजिनिअर आहे, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

गॅरेजच्या दाराची कमान आणि बंब यांच्यात जेमतेम एक सेंटिमीटर जागा उरत होती. भरल्या टाकीनं आलेला बंब सुळकन आत गेला आणि वासुदेवची पाठ थोपटली गेली. पण शनिवारी टाकी गळू लागली. कंपनीच्या माणसानं सगळं पाणी सोडून दिलं आणि झडप दुरुस्तीला नेली; तोवर आगीच्या जागी रस्त्यावरच्या नळाला पाइप जोडायचा असं ठरलं. अडीच हजार लिटरचं ओझं उतरताच बंब चार सेंटिमीटर वर उचलला गेला. हे कळलं उद्घाटनाच्या वेळी, दलप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउटर यांच्या भाषणात पेजर किंचाळले तेव्हा.

“लिंडेनश्ट्रासे चौदा! कुंपणाला आग!”

चौदा नंबरचं घर म्हणजे शेजारच्या लेंट्सबाई, फ्राऊ लेंट्स. बारा नंबरात वासुदेव स्वतः राहत होता आणि घरी महिन्यापूर्वी पुण्याहून आलेली आई एकटीच होती.

बंब गुरगुरत निघाला आणि कर्रकन कमानीला घासून थांबला.

“टायरमधली हवा सोडा!” कुणीतरी ओरडलं.

“आणि मऊ टायरवर आगीला जायचं? नियमात बसत नाही,” क्राउटर म्हणाले.

“घर जवळच आहे. बादल्या घेऊन पळत जाऊ या ना!” वासुदेव कळवळून म्हणाला.

“पळत?” चर्चमध्ये कुणी शिट्टी वाजवावी तसं क्राउटरनी त्याच्याकडे पाहिलं. “वाटेत कुणी पडलं तर विमा मिळत नाही.”

“मग वजन टाका! माणसं चढवा आत!” वासुदेव ओरडला.

उद्घाटनाला आलेला बँड हातातले सॉसेज टाकून बंबात घुसला. मागोमाग पाद्री, बेकरीवाला, फुटबॉल क्लबचा गोलकीपर. बुर्गरमायस्टरसाहेबांनी, म्हणजे गावच्या नगराध्यक्षांनी, आपले एकशेवीस किलो आपणहून गावाला अर्पण केले. पंचविसावा माणूस चढला आणि बंब बाहेर पडला. आता उतरायला कुणी तयार होईना. बंबात बसायला रोज थोडंच मिळतं! जवानांना जागाच उरली नाही. ते सायकलींवरून निघाले. वासुदेव विम्याविना पळत सुटला.

लिंडेनश्ट्रासेवर बंब पोचला तो वाजतगाजत, कारण बँडवाल्यांना राहवलं नाही. कुंपण काळं पडलं होतं, पण धूरसुद्धा नव्हता. आई आणि फ्राऊ लेंट्स बागेत कॉफी पीत बसल्या होत्या.

“आई, तू ठीक आहेस ना?” वासुदेव धापा टाकत म्हणाला.

“मला काय धाड भरलीय? ही बाई गॅसच्या नळीनं कुंपणाकडचं गवत जाळत होती; इथं तण असंच काढतात म्हणे. कुंपण पेटलं. पिंपातल्या पाण्याच्या चार झाऱ्या ओतल्या, विझलं.” आईनं रस्त्याकडे पाहिलं. “पण वासू, ही वरात कुणाची?”

क्राउटरनी कुंपण तपासलं, वही काढली आणि गंभीरपणे लिहिलं : ‘दलाच्या अधिकृत आगमनापूर्वीच आग विझलेली आढळली.’

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत चौकशी बसली. वासुदेव खिशात राजीनामा घेऊन गेला. दीड तास कागद चाळून सभेनं निकाल दिला : बंब भरल्या टाकीनं मोजायचा असाच नियम आहे, म्हणजे बंब बरोबर आणि हेर सरपोतदारही बरोबर. चूक ती कमानीची. बंबासाठी नवं ठाणं बांधायचं, आणि बांधकाम समितीवर हेर सरपोतदार. टाळ्या पडल्या.

“पण ठाणं तयार कधी होणार?” वासुदेवनं चाचरत विचारलं.

“आल्झो, म्हणजे असं बघा, परवानग्या धरून सहा वर्षं,” बुर्गरमायस्टर म्हणाले.

“आणि तोपर्यंत कुठं आग लागली तर?”

बुर्गरमायस्टर जरा पुढे झुकले. “तुमच्या आईंचा व्हिसा वाढवून मिळेल का, याची मी कालच चौकशी केली आहे.”